घड उतरवताना

पहिला चेंडू टाकला तो जळगावच्या क्लासात,
मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत.
पडला, उसळला, पडला.
नेहेते सरांनी चष्मा कपाळावर नेला.
"जड आहे की हलका?"
जड, मी म्हणालो. लोखंडाचा.
"मग त्याला कुणी सांगितलं नाही वाटतं."

गोळ्याला मी काळा रंग दिला,
गंज दिला, सावली दिली.
तरी तो आपला जत्रेतल्या फुग्यासारखा
जमिनीची परवानगी विचारत उतरायचा.

सावद्याला परतताना बसमध्ये
मांडीवरची पिशवी प्रत्येक गतिरोधकाला
माझ्यापेक्षा जरा उशिरा उडत होती
आणि जरा उशिरा बसत होती.
वीस वर्षं याच रस्त्यानं येतोय.

माझे वडील बाजार समितीत मापाडी.
पारड्यात पोतं पडलं की व्यापारी म्हणायचे, सांगा आकडा.
वडील काट्याकडे बघत राहायचे.
तो इकडे जायचा, तिकडे जायचा,
मग कमी इकडे, मग कमी तिकडे.
त्याचं संपेपर्यंत ते तोंड उघडायचे नाहीत.
लोक त्यांना सुस्त म्हणायचे. मीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी फैजपूर रस्त्याला केळीची कटाई होती.
मी बांधावर बसलो, मोबाइल उभा धरून.
रुबाब तडवी घडाखाली शिरला.
शिरला म्हणजे,
आधी पाय रुंद झाले,
टाचांनी माती चाचपली,
मग तो खाली गेला, आणखी खाली,
जणू वर यायचंच नाही,
आणि कुणीतरी दांड्यावर विळा मारला.

घड आल्यावर चार चौकटी काहीच हललं नाही.
मी नंतर मोजल्या. चार.
तेवढ्यात पंचवीस किलो
चुंबळीतून मानेत, मानेतून कमरेत,
कमरेतून डाव्या गुडघ्यात पोचले
आणि गुडघा एकदा, अगदी बारीक, नको म्हणाला.
मग तो चालू लागला.

मंगळवार ते शुक्रवार मी तो गुडघा काढत होतो.
आई भरतासाठी वांगी भाजत होती.
विस्तवावरचं एक वांगं आतून खचलं,
कातडी आधी बसली,
देठ मागाहून, सावकाश, एका अंगाला कलंडला.
थांब, हलवू नको, मी ओरडलो.
"जयून जाईन ना रे," ती म्हणाली,
आणि चिमट्यानं माझा सगळा अभ्यास उलटा केला.

शनिवारी टपरीवर रुबाबला लॅपटॉप दाखवला.
पडद्यावर तो घड घेऊन निघाला,
ट्रकापाशी आला, घड उतरवला,
ताठ उभा राहिला.
बाकीचे हसले, एकानं शिट्टी मारली.
रुबाबनं पुन्हा लावायला सांगितलं.
पुन्हा.
चहावर साय धरली.
"उचलतो बराबर," तो म्हणाला. "ठेवतो खोटं."
काय खोटं?
"घड गेला तरी मान लगेच नही येत वर.
तिले कोन सांगीन?"

मग पेला ठेवून तो निघाला.
मोबाइल काढायचं मला सुचलं नाही.
वळणापर्यंत तो रिकाम्या डोक्यानं चालत होता,
पण मान सपाट धरलेली,
आणि उजवा हात थोडा वर,
जे नव्हतं त्याला आधार देत.

रात्री मी अकरा चौकटी वाढवल्या.
घड ट्रकात आहे.
दोन्ही हात मोकळे आहेत.
खांदे सुटतायत, आधी डावा.
अकराव्या चौकटीत मान जराशी उचलते
आणि इथं मी थांबलोय,
कारण ती पुरती वर येते का,
हे त्याला विचारायचं राहिलं.